सांबऱ्याहून बागडोगऱ्याला: विमानाच्या अंतराचा आणि वेळेचा हिशेब घरबसल्या

दिवाळीच्या तोंडावर येळ्ळूरच्या एक मावशी दुकानात आल्या. मुलगा फौजेत, सिलिगुडीच्या बाजूला क्वार्टर मिळालेलं, सून बाळंत व्हायची होती. सोबत पुतण्या. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर लिहिलेलं: बेळगाव ते बागडोगरा, अंतर १,८५९ किलोमीटर, विमानाची वेळ २ तास ५० मिनिटं.

"ह्या पावणेतीन तासाच्या इमानाचं तिकीट काढ बघू," मावशी म्हणाल्या.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, सिलिगुडीजवळच्या बागडोगऱ्याला थेट जाणारं असलं विमानच नाही, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता. "मग त्यात लिवलंय कशाला?"

इंटरनेटवरची असली पानं माणूस लिहीत नाही. एखादा प्रोग्राम दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश उचलतो, सूत्रात घालतो, आलेल्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागतो, वर अर्धा तास चिकटवतो. १,८५९ भागिले ८०० म्हणजे २ तास १९ मिनिटं. त्यात ३० मिनिटं घातली की झाली जवळपास २ तास ५० मिनिटं. त्या मार्गावर विमान उडतं की नाही, हे त्याला ठाऊकही नसतं आणि त्याला फरकही पडत नाही. आकडा मात्र खोटा नाही. तो कशाचा आहे हे कळलं, तर त्याच्यासारखी कामाची वस्तू नाही. म्हणून हा हिशेब वहीत मांडून दाखवतो. लागेल काय, तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि चहा होईपर्यंतचा वेळ.

आधी विमानतळ नक्की करा

हे सांगायची काय गरज, असं वाटेल. पण प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. सांबऱ्याचा आयएक्सजी (IXG) आणि बागडोगऱ्याचा आयएक्सबी (IXB). दोन्हींत एका अक्षराचा फरक. जम्मूचा आयएक्सजे. चंदीगड आयएक्ससी, लेह आयएक्सएल, अगरतला आयएक्सए. आपल्याकडच्या कितीतरी लहान विमानतळांचे कोड आयएक्सनंच सुरू होतात. फोनवर कोणी "आयएक्सजी" म्हणालं आणि समोरच्यानं "आयएक्सजे" ऐकलं, की बेळगावचं तिकीट जम्मूला निघालंच म्हणून समजा. कोड फोनवर सांगूच नये, लिहून पाठवावा.

नावाचाही घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. काही ठिकाणी अजून जुनं इंग्रजी नाव चालतं, काही ठिकाणी नवीन. एक टाकून सापडलं नाही तर दुसरं टाकून बघा. आम्ही घरात काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे. बुकिंगच्या खिडकीत तो वाद काढून उपयोग नाही.

अक्षांश-रेखांश उतरवून घेताना

सांबरा विमानतळ १५ अंश ५१ मिनिटं ३३ सेकंद उत्तर आणि ७४ अंश ३७ मिनिटं ६ सेकंद पूर्व, इथे आहे. कॅल्क्युलेटरला मिनिट-सेकंद कळत नाहीत, त्याला दशांश लागतो. आणि नेमक्या इथे शंभरातले पन्नास जण घसरतात. १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.५१ नव्हे. अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. मिनिटांना ६० नं भागायचं, सेकंदांना ३,६०० नं, आणि बेरीज करायची.

५१ भागिले ६० म्हणजे ०.८५०. ३३ भागिले ३,६०० म्हणजे ०.००९. म्हणजे अक्षांश १५.८५९. तसाच रेखांश ७४.६१८.

हेच कोणी १५.५१ आणि ७४.३७ असं टाकलं, तर विमानतळ जागचा हलून सुमारे ४७ किलोमीटर नैऋत्येला, खानापूर तालुक्यातल्या जंगलात जाऊन पडतो. तिथे अस्वलं उतरतील, विमान उतरायचं नाही.

नकाशाच्या ॲपवर विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरलं की आकडे दशांशातच मिळतात, ही सोपी वाट. फक्त बोट धावपट्टीवरच हवं. "बेळगाव" एवढंच टाकून शोधलं तर गावाच्या मध्यावरचा बिंदू मिळतो आणि विमानतळ तिथून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर आहे.

बागडोगऱ्याचे आकडे: २६.६८१ उत्तर, ८८.३२९ पूर्व.

सोपं उदाहरण आधी: जम्मू

बागडोगऱ्याकडे वळण्याआधी जम्मू करून बघू, कारण ते इतकं सोपं आहे की शाळेतलं पोरगंही करील. जम्मू विमानतळाचा रेखांश ७४.८३७. आपला ७४.६१८. जवळपास एकच! म्हणजे सांबऱ्याहून नाकासमोर उत्तरेला निघालं, कुठेही वळलं नाही, तर माणूस थेट जम्मूच्या दारात जातो.

आता फक्त अक्षांशांची वजाबाकी. जम्मू ३२.६८९, सांबरा १५.८५९. फरक १६.८३ अंश. उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. गुणाकार केला की १,८६८ किलोमीटर. झालं.

वैमानिक हेच नॉटिकल मैलात मोजतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, अशी त्या मापाची मुळात कल्पनाच होती. आज तो १.८५२ किलोमीटरचा धरतात. १६.८३ अंशांना ६० नं गुणलं तर सुमारे १,०१० नॉटिकल मैल. विमानाचा वेग नॉटमध्ये का सांगतात, तेही यातच आलं. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

आता बागडोगरा: तिरकं अंतर

बागडोगरा आपल्यापासून उत्तरेलाही आहे आणि पूर्वेलाही. म्हणून दोन बाजू वेगळ्या काढायच्या आणि मग कर्ण.

उत्तरेची बाजू: २६.६८१ वजा १५.८५९, म्हणजे १०.८२२ अंश. गुणिले १११, म्हणजे १,२०१ किलोमीटर.

पूर्वेची बाजू: ८८.३२९ वजा ७४.६१८, म्हणजे १३.७११ अंश. याला नुसतं १११ नं गुणून चालत नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सगळ्यांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत तिथे एकत्र होतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडी बघा, मध्यावर रुंद आणि टोकांना निमुळत्या. म्हणून जितकं उत्तरेला जाल तितका रेखांशाचा एक अंश आखूड होत जातो. किती आखूड, ते कॉस (कॅल्क्युलेटरवरचं cos) सांगतो. दोन्ही गावांच्या अक्षांशांची सरासरी काढायची: १५.८५९ अधिक २६.६८१, भागिले २, म्हणजे २१.२७. कॉस २१.२७ म्हणजे ०.९३२. मग १३.७११ गुणिले १११ गुणिले ०.९३२, म्हणजे १,४१८ किलोमीटर.

कर्ण: १,२०१ चा वर्ग अधिक १,४१८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर १,८५८. पृथ्वी गोल धरून मोठ्या सूत्रानं केलं तर १,८५९ येतं. आपल्या वहीतल्या हिशेबात आणि त्या पानाच्या हिशेबात फरक एका किलोमीटरचा. भारताच्या आतल्या आत ही पद्धत बिनधास्त वापरा. लंडन-न्यूयॉर्कला मात्र नको, तिथे ती फसते.

एक सावधगिरी. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, ते बघा. माझ्या भाच्यानं हा हिशेब केला तेव्हा त्याचं उत्तर १,६५८ आलं, माझ्यापेक्षा दोनशे किलोमीटर कमी. दोघंही आपापल्या वहीवर ठाम. अर्ध्या तासानं सापडलं. त्याचा कॅल्क्युलेटर रेडियनवर होता, त्यानं कॉसचं उत्तर वजा ०.७५ दिलं, पूर्वेची बाजू चक्क वजा १,१४३ आली. अंतर कधी वजा असतं का? पण पुढे वर्ग केल्यावर वजा चिन्ह गेलं आणि चूक झाकली गेली. म्हणून कॉसचं उत्तर आल्याबरोबर थांबून बघायचं. आपल्या देशात ते ०.७९ च्या खाली आणि एकच्या वर जात नाही.

या हिशेबातून एक मजेची गोष्ट हाती लागते. जम्मू आणि बागडोगरा सांबऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, १,८६८ आणि १,८५९. आपल्याकडे जम्मू म्हणजे जगाचं टोक आणि बागडोगरा म्हणजे कुठेतरी बंगालात, असं लोक बोलतात. वहीत दोन्ही एकाच वर्तुळावर.

दिब्रुगड मात्र खरंच लांब. २७.४८४ उत्तर, ९५.०१७ पूर्व. ते तुम्हीच करून बघा, २,४६७ च्या आसपास यायला हवं. एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे झालं तर हिशेब बरोबर आहे असं समजा.

सरळ रेषेत विमान उडत नाही

१,८५९ हे दोरी ताणून मोजलेलं अंतर. विमान दोरीवरून जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, मनाई असलेलं आकाश टाळतं, पावसाळ्यात ढगांना वळसा घालतं. त्याआधी उठायची दिशा. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिच्या दोन टोकांचे आकडे ०८ आणि २६, म्हणजे ८० अंश आणि २६० अंश. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उठतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेला जायचं विमानही आधी गावाकडे तोंड करून उठतं आणि मग वळतं. खाली आपली घरं बघता बघता हैदराबादला निघायचं.

हे सगळं मिळून मी ५ टक्के वाढवतो. १,८५९ चे १,९५२ होतात. नेमका आकडा दर उड्डाणाला वेगळा असतो, पण तिकीट काढणाऱ्या माणसाला याहून बारीक जायची गरज नाही.

वेळेचा हिशेब, आणि विमान कोणतं ते

वेळ काढताना लोक अंतर बघतात आणि विमान विसरतात. पंखे दिसतात ते एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. एअरबस ३२० किंवा एम्ब्रेअरसारखं जेट ताशी ८०० च्या वर. बेळगावहून बेंगळुरू सरळ रेषेत ४४४ किलोमीटर. तेवढ्या अंतरात जेटनं फार तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. पण दीड हजार किलोमीटरला एटीआर आणि जेट यांच्यात तासाभराहून जास्त फरक पडतो.

माझं ठोकताळ्याचं सूत्र असं. जेट असेल तर अंतर (५ टक्के वाढवलेलं) भागिले ८००, अधिक ३५ मिनिटं. एटीआर असेल तर भागिले ४८०, अधिक २५ मिनिटं. वरची मिनिटं कशाची? वेळापत्रकात जी वेळ छापतात ती चाकं जमीन सोडल्यापासूनची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात जमिनीवरचं रांगणं आलं, चढणं आलं, उतरताना वेग कमी करणं आलं. कंपन्या वेळापत्रकात स्वतःहून थोडी हवा भरून ठेवतात, म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटूनही "वेळेत" पोचतं.

बेळगाव ते दिल्ली सरळ १,४३२ किलोमीटर. ५ टक्के वाढवून १,५०४. भागिले ८०० म्हणजे १ तास ५३ मिनिटं, अधिक ३५. म्हणजे २ तास २८ मिनिटं. छापील वेळेशी ताडून बघा, फार अंतर पडायचं नाही.

वाऱ्याचं एक सांगायलाच हवं. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. याला जेट प्रवाह म्हणतात. दिल्ली ते बागडोगरा सरळ १,१२४ किलोमीटर. मागून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर ८०० चा वेग ९०० होतो आणि हवेतला वेळ ७५ मिनिटं. परतताना तोच वारा समोरून, वेग ७००, वेळ ९६ मिनिटं. जाताना आणि येताना २१ मिनिटांचा फरक, विमान तेच, वैमानिकही तोच. म्हणून वेळापत्रकात परतीची वेळ जास्त दिसली तर ती छपाईची चूक नव्हे. आणि परतीच्या प्रवासात दिल्लीचं पुढचं विमान पकडायचं असेल तर ही मिनिटं धरूनच पकडा.

कोणत्या वाटेनं जायचं

थेट विमान नाही म्हटल्यावर मध्ये कुठेतरी उतरणं आलं. आपल्याला तीन वाटा: बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली. मुंबईही आहे, पण पूर्वेला जायचं असताना आधी पश्चिमेला जाणं मला पटत नाही. कुठून कुठे विमान आहे ते हंगामाप्रमाणे बदलतं, ते तिकीट काढताना बघायचं. अंतर मात्र बदलत नाही, म्हणून ते आधी करून ठेवावं.

बेंगळुरू. सांबऱ्याहून ४४४. बेंगळुरूहून बागडोगरा १,८६३. पुन्हा वाचा: १,८६३. सांबऱ्याहून बागडोगरा होतं १,८५९. म्हणजे सकाळी उठून, चेकिंग करून, ४४४ किलोमीटर उडून बेंगळुरूला उतरलात, तेव्हा बागडोगरा होतं तितकंच लांब राहिलेलं असतं. उलट चार किलोमीटर वाढलेलं! हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा तपासला. पण तो बरोबर आहे, कारण बेंगळुरू आग्नेयेला आहे आणि आपल्याला जायचंय ईशान्येला.

हैदराबाद. सांबऱ्याहून ४३३, तिथून बागडोगरा १,४६२. बेरीज १,८९५. सरळ रेषेपेक्षा फक्त ३६ किलोमीटर जास्त. हैदराबाद जवळजवळ त्या ताणलेल्या दोरीवरच बसलंय.

दिल्ली. १,४३२ अधिक १,१२४, बेरीज २,५५६. सरळ रेषेपेक्षा जवळपास ७०० किलोमीटर जास्त.

आता वेळ. वरच्या सूत्रानं, सांबऱ्याहून हैदराबाद-बेंगळुरूला एटीआर आणि बाकी सगळीकडे जेट धरून, विमानात बसण्याचा वेळ हैदराबादमार्गे ३ तास ५२ मिनिटं, बेंगळुरूमार्गे ४ तास २५, दिल्लीमार्गे ४ तास ३२. नकाशा हैदराबादच्या बाजूनं आहे, हे उघड आहे.

पण इथेच खरी मेख आहे. समजा हैदराबादला पुढचं विमान चार तासांनी आहे आणि दिल्लीला पावणेदोन तासांनी. तर हैदराबादमार्गे एकूण ७ तास ५२ मिनिटं, दिल्लीमार्गे ६ तास १७. सातशे किलोमीटरचा वळसा घालूनही दिल्लीवाला दीड तास आधी पोचला. हवेत विमान ताशी ८०० जातं, खुर्चीत बसलेला माणूस ताशी शून्य. वाट निवडताना आधी दोन विमानांमधला वेळ बघायचा, मग अंतर. दोन वाटांचे मधले वेळ सारखे असतील तेव्हाच नकाशानं निकाल द्यावा.

मधला वेळ किती असावा

फार कमीही नको. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर सामान कंपनी पुढे नेते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं ही तिची जबाबदारी. तिथे दीड-दोन तास पुरतात. तरीसुद्धा बॅग देतानाच विचारा, "टॅग बागडोगऱ्यापर्यंतचा आहे ना?" टॅगवर आयएक्सबी लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दोन वेगळी तिकिटं असतील तर गोष्ट वेगळी. मध्ये सामान काढून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरला द्यायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून तीन तास मध्ये ठेवले तर हातात खरे दोनच. मी स्वतः एकदा हजार-बाराशे रुपये वाचवायला दोन कंपन्यांची दोन तिकिटं काढली. सांबऱ्यावर ढग इतके खाली आलेले की येणारं विमानच वेळेत उतरू शकलं नाही. आमचं उड्डाण दोन तास उशिरा. पुढच्या कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "सर, यू आर नो-शो." त्यांच्या लेखी मी आलोच नव्हतो. नवीन तिकीट त्याच दिवशीच्या भावानं काढावं लागलं. वाचवलेल्या बाराशेचे किती झाले, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जून ते सप्टेंबर बेळगावातून निघणार असाल तर सकाळच्या विमानाला एक तास जास्तीचा धरा. आपलं पठार साडेसातशे मीटर उंच, घाट जवळ, ढग अंगणात येतात.

दिल्लीत आणि बेंगळुरूत टर्मिनल एकाहून जास्त आहेत. दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरून आहेत का, ते तिकिटावर बघा. नसतील तर आणखी पाऊण तास. हैदराबादला एकच टर्मिनल. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या, वाचता न येणाऱ्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मी डोळे झाकून हैदराबाद सांगतो, मग दिल्ली दीड तासानं लवकर का असेना.

घर ते घर

विमानाची वेळ म्हणजे प्रवासाची वेळ नव्हे. येळ्ळूरहून सांबरा म्हणजे गाव ओलांडून पलीकडे, पाऊण तास. गावातल्या ट्रॅफिकचा भरवसा नसेल तर एक तास. उड्डाणाच्या दीड तास आधी दारात. उतरल्यावर बॅग मिळायला अर्धा तास. वर मुक्कामापर्यंतची गाडी. हे धरलं तर ७ तास ५२ मिनिटांचे सहज अकरा तास होतात. रेल्वेनं न्यू जलपाईगुडी गाठायला दोन-अडीच दिवस लागतात त्यापुढे हे काहीच नाही, पण "पावणेतीन तास" हेही नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांनी आणखी एक बेरीज करावी. निपाणीहून बेळगाव ७५ किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर ४० च्या आसपास. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, हैदराबादला विमान असेल त्या दिवशी तुम्ही सांबऱ्याला कशाला येता? खानापूर आणि चंदगडवाल्यांना गोव्याचं मोपा विमानतळ खुणावतं, तिथे उड्डाणं भरपूर. पण इथे सरळ रेषेचा हिशेब फसवा आहे. सांबरा ते मोपा सरळ रेषेत ८२ किलोमीटर आणि रस्ता मात्र चोर्ला घाटाचा. गाडीला पंख नसतात. पावसात अडीच-तीन तास धरून चला.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पानावर नसते: सूर्य. घड्याळ सगळ्या देशाला एकच, पण सूर्याला ते माहीत नाही. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो. आपण आणि बागडोगरा यांच्यात १३.७ अंश, म्हणजे ५५ मिनिटं. हिवाळ्यात तिकडचा दिवसही आपल्यापेक्षा लहान, त्यामुळे संध्याकाळचा फरक आणखी वाढतो. डिसेंबरात बेळगावात सहाला सूर्य मावळतो, बागडोगऱ्यात पावणेपाचला. तिथून पुढे गंगटोक किंवा दार्जिलिंगच्या बाजूला जायचं असेल तर सगळा रस्ता डोंगराचा. म्हणून हिवाळ्यात दुपारी दोनपर्यंत उतरणारं विमान बघा. नाही जमलं तर सिलिगुडीत मुक्काम करा, सकाळी निघा.

मावशींना मी हैदराबादमार्गे पाठवलं. सकाळी नऊला सांबरा, मध्ये चार तास, संध्याकाळी पाचला दहा कमी असताना बागडोगरा. मुलगा घ्यायला येणार होता, डोंगर चढायचा नव्हता, म्हणून उशिराचं चाललं. बॅगेत दोन किलो कुंदा, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. लाडवांसाठी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या वेगळ्या बांधून आणलेल्या, त्या मी काढायला लावल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते तापून पेट घेऊ शकतं. यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण काढल्या.

सव्वापाचला फोन आला. मागे लोकांचा गलका, बॅगांच्या चाकांचा आवाज.

"पोचलो बाबा. पर ह्येंच्यात काय खरं न्हाई. पाच वाजल्यात आनि ह्यांची रात झालीया. पोरगं म्हणतंय, रोजच असं हाय."